पितृपक्षात कावळे हाकणारा ढुंढिराज

ढुंढिराज हाक मारायचा आणि कावळा यायचा. यात चमत्कार काही नव्हता, आणि त्यानेही कधी तसा आव आणला नाही. बारा महिने तो स्वतः जेवायच्या आधी गच्चीच्या कठड्यावर दहीभात नाहीतर पोळीचे तुकडे ठेवायचा आणि "या रे बाबांनो, या," अशी भसाड्या आवाजात साद घालायचा. "ताई, ही श्रद्धाबिद्धा काही नाही, सवय आहे. त्यांची आणि माझी," असं मला सरळ सांगायचा. यजमानांना सांगायचा नाही. ते विचारत नसत, तर हा कशाला सांगेल?

काशीतल्या आमच्या ब्रह्मा घाटावर श्राद्ध चालवणारे गुरुजी पुष्कळ. त्यांत ढुंढिराजाचं नाव नागपूर-अमरावतीपर्यंत गेलं ते या कावळ्यांमुळे. श्राद्धाचा स्वयंपाक झाला की कावळ्याचं पान आधी बाहेर ठेवायचं, त्याने चोच लावली की मग घरच्यांनी जेवायला बसायचं. शहरांत आताशा कावळा येत नाही. लोक ताटकळतात, पोरं भुकेने किरकिरतात, मग कुणीतरी "काही इच्छा राहिली असेल हो त्यांची," म्हणून डोळ्यांना पदर लावतं. ढुंढिराजाच्या गच्चीवर असला प्रकार नाही. पान ठेवलं, साद घातली, की शेजारच्या पिंपळावरून कावळ्यांची झुंबड. कावळा आलाच नाही तर काही गुरुजी दर्भाचा कावळा वळून तो पानाला टेकवतात. तशी सोय आहे शास्त्रात. ढुंढिराज त्यांना हसायचा. "गवताचा कावळा करायचा तर पितरही गवताचे करा की!"

मी त्याला तो चड्डीत होता तेव्हापासून ओळखते. आमची घरं गल्लीत समोरासमोर. त्याचे वडील घनपाठी, म्हणजे वेदपाठाची शेवटची पायरी गाठलेले, ब्रह्मा घाटावर त्यांचा दरारा. ढुंढिराजाने संहिता पाठ केली, क्रमाच्या पायरीपर्यंत कसाबसा पोचला आणि तिथे जो अडकला तो अडकलाच. वडिलांनी ते शेवटपर्यंत विसरू दिलं नाही. चार लोकांत त्याची ओळख करून देताना "हा श्राद्धं सांगतो," एवढंच म्हणायचे, तेही दुसरीकडे बघत. ते गेल्यावर ढुंढिराजाने पहिलं काम केलं ते गच्चीवर कावळ्यांना भात घालायचं. पुढे दोन मुली झाल्या, शिकल्या, एक इंदूरला आणि एक ग्वाल्हेरला दिली. घरात तो आणि त्याची बायको शरदिनी. ती काशीतल्याच दूधविनायक मोहल्ल्याची, तिथल्या जुन्या घरातली, आणि तिच्या जिभेला धार होती. मला ती फार आवडायची.

शहाण्णव साली अधिक आषाढ आला होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले. गंगा चढायला लागली तेव्हा आमच्या दोन घरांना लागून गल्लीच्या टोकाला मठाचं अंगण आहे, त्यातल्या पिंपळावर करकोचे आले. चार-पाच जोड्या. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते, त्या वर्षीच का आले, मला विचारू नका. अंगाने पांढरे, पंखांच्या कडा काळ्या, आणि चोच अशी की मिटली तरी मधे फट राहते, अगदी अडकित्त्यासारखी. पुस्तकात याला मुग्धबलाक म्हणतात. इथले नावाडी घोंघिल म्हणतात, कारण हा घोंघे खातो, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण खिडकीच्या एवढ्या जवळ हा पक्षी मला कधी मिळाला नव्हता. मी खूश.

समोरच्या घरी कुणी खूश नव्हतं. पिंपळाची एक मोठी फांदी ढुंढिराजाच्या गच्चीवरच येत होती, आणि सगळ्यांत खालचं घरटं नेमकं तिच्यावर.

"ताई, तुमच्या पाहुण्यांनी आज यांच्या सोवळ्याच्या धोतरावर प्रसाद टाकला," शरदिनी खिडकीतून ओरडली.

"माझे पाहुणे कसे? तुझ्या गच्चीवर उतरलेत."

"गोगलगायी पडतात हो वरून! श्राद्धाच्या घरात गोगलगायी! रोज दोनदा धुतेय मी."

ढुंढिराज तर फांदी तोडायला माणूस आणणार होता. मी म्हटलं, पिंपळ आहे, मठाचा आहे, आणि वर अंडी आहेत. यातलं काय काय तुझ्या धर्मात बसतं ते आधी बघून ये. गुरगुरत गेला.

श्रावण सरता सरता अंडी फुटली. एके दिवशी काही कामाने तो माझ्याकडे आला होता, तेव्हा मी त्याला दुर्बीण दिली आणि खिडकीशी उभं केलं. हा माणूस आकाशाकडे बघायचा तो फक्त कावळ्यांसाठी; बाकी वर काय चाललंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

"तीन आहेत," तो म्हणाला. "पण यांच्या चोचीला फट कुठाय?"

"मोठी झाली की येते."

"आणि हे एक एवढंसं का? वेगळ्या जातीचं आहे का?"

"सख्खं आहे. मागाहून फुटलं असेल."

तेवढ्यात आई आली, की बाप, दोघं सारखीच दिसतात. घरट्याच्या काठावर उभी राहिली, मान वाकवली आणि गिळून आणलेलं सगळं काटक्यांवर ओतलं. दोन मोठ्या पिल्लांनी झडप घातली. तिसरं त्यांच्या पायांतून मान घालायला बघत होतं. एकाने त्याच्या डोक्यावर चोच हाणली, तसं मागे जाऊन बसलं. सगळं संपल्यावर ते पुढे आलं आणि काटक्यांच्या फटींत अडकलेले तुकडे टोचून टोचून काढायला लागलं.

"हे जगायचं नाही," मी म्हटलं.

ढुंढिराजाने दुर्बीण खाली घेतली. "बोलवतं कसं ताई तुम्हाला?"

"खरं आहे ते बोलले. शेवटचं पिल्लू बहुधा जात नाही पुढे. तळ्यांत खाणं भरपूर असेल तर जगतं."

"आईबाप काय करतात मग?"

"काही नाही. आणतात, ओततात. ज्याला मिळेल त्याला मिळेल."

दुर्बीण खिडकीत ठेवून तो निघून गेला. ज्या कामाला आला होता ते तसंच राहिलं.

भाद्रपद लागला, पाऊस थांबला आणि ऊन कडकडायला लागलं. असं ऊन की गच्चीच्या दगडावर पाय ठेवता येईना. त्या दिवसांत दुपारी मी पाहिलं ते ढुंढिराजालाही हाक मारून दाखवलं. घरट्यावर एक करकोचा उभा, उन्हाकडे पाठ करून, दोन्ही पंख अर्धे उघडलेले. त्या पंखांच्या सावलीत तिन्ही पिल्लं. ऊन सरकलं की तो पाऊल उचलायचा, थोडा वळायचा, पुन्हा पंख धरायचा. स्वतः चोच उघडी टाकून धापा टाकत होता, पण हलत नव्हता. बऱ्याच वेळाने दुसरा नदीकडून आला. मला वाटलं खाणं आणलं असेल. त्याने मान पिल्लांच्या वर नेली आणि चोचीतून पाणी सोडलं. सरळ धार. पहिल्यांदा मोठ्या दोघांवर, मग मान थोडी पुढे नेऊन मागच्या धाकट्यावर. धाकट्याने तोंड वर केलं, डोळे मिटले आणि ते तसंच भिजत राहिलं.

मी हे वर्गात शिकवलं होतं. एका वाक्यात. फळ्यावर लिहायलाही कधी थांबले नव्हते.

ढुंढिराज आयुष्यभर पिंडींवर आणि पिंडांवर पाणी घालत आला होता. तो कठड्याला धरून उभा होता, आणि त्याचे ओठ हलत होते. मंत्र म्हणत होता की काय, मी विचारलं नाही. तो करकोचा पुन्हा उडाला, घाटाकडे गेला, पुन्हा पाणी घेऊन आला. किती फेऱ्या झाल्या असतील! शरदिनी जेवायला हाका मारून थकली.

"इतक्या लांबून पाणी," तो शेवटी म्हणाला, "आणि एक थेंब स्वतः प्यायला नाही."

दुसऱ्या दिवसापासून ढुंढिराजाच्या जपाची जागा बदलली. तो पूर्वेला तोंड करून बसायचा तो आता पिंपळाकडे करून बसायला लागला. शरदिनीने विचारलं तर म्हणाला, पिंपळ हा विष्णूच आहे. ती म्हणाली, "हो, आणि विष्णू गोगलगायी खातो."

तो रोज मला बातम्या द्यायचा. आज धाकट्याला मोठा तुकडा मिळाला. आज त्याने मोठ्याच्या चोचीतून ओढून घेतला, अहो खरंच, मी बघितलं. आज पंख ताणले. पंखांत काळी पिसं दिसताहेत. साठीला आलेला माणूस, अंगणवाडीतलं पोर घरी येऊन सांगतं तसा सांगायचा. मीही ऐकून घ्यायचे, कारण धाकटं खरोखर जगत होतं. मोठ्यांच्या निम्मं होतं, मान काडीसारखी होती, पण रोज सकाळी खिडकी उघडली की तिसरं डोकं दिसायचंच, आणि माझ्यासारख्या बाईलाही हायसं वाटायचं.

गौरी-गणपती झाले आणि कावळ्यांना शोध लागला. घरटं त्यांना आधीपासून दिसत होतं. तिथे आयतं मिळतं, हा शोध. मोठी दोघं घाईने गिळायची, धाकट्यासाठी काटक्यांत काय ते राहायचं, आणि ते मान खाली घालेपर्यंत दोन कावळे येऊन तेवढंही उचलायचे. एक त्याचं शेपूट ओढायचा. ते मागे वळलं की दुसरा घास घेऊन पसार. आईबाप तोवर पुन्हा उडालेले असायचे.

"हे तुझेच रे," मी ढुंढिराजाला म्हटलं.

"माझे कसे?"

"तो लंगडा बघ. रोज तुझ्या कठड्यावर पहिला असतो."

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. लंगड्याला तो पोटच्या पोरासारखा ओळखत होता. मग त्याने डोकं चालवलं. भुकेले आहेत म्हणून जातात. पोट भरलं की कशाला जातील घरट्यावर?

"तू कावळ्यांना ओळखत नाहीस," मी म्हटलं.

"मी?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "मी ओळखत नाही? ताई, काशीत कुणालाही विचारा!"

आणि त्याने शरदिनीला श्राद्धाचं मोठं पातेलं काढायला लावलं. सकाळी भात, दुपारी भात, वर दही, कधी उडदाचे वडे. कावळ्यांची चैन झाली. पंचगंगा घाटाचे आले, दुर्गा घाटाचे आले. पोट भरून कठड्यावर भांडायचे, आणि मग करमणूक म्हणून घरट्यावर जायचे. पूर्वी दोन जायचे, आता दहा. पिंपळाची ती फांदी काळी दिसायला लागली. आठवडा गेला नाही तोच धाकट्याच्या छातीचं हाड दिसायला लागलं. ते आता पुढे यायचंही बंद झालं. ओतलेलं संपेपर्यंत एका कडेला मान आत ओढून बसायचं.

"भात बंद कर," मी म्हटलं.

"पितृपक्ष तोंडावर आलाय ताई."

"म्हणूनच म्हणतेय. पंधरा दिवस रोज भर दुपारी तू यांना साद घालणार. ती दोघं खाणं आणतात तेही भर दुपारीच. मग त्या पिल्लाला काय उरणार?"

तो कठड्यावर टेकला.

"वडिलांनी वेद ठेवले माझ्यापुढे, ते मला पेलले नाहीत," तो म्हणाला. "हे एकच मी माझ्या हिमतीवर मिळवलं. लोक माझ्याकडे का येतात? पाठांतरासाठी? कावळा येतो म्हणून येतात. एकदा का कावळा आला नाही, की ढुंढिराज म्हणजे कोण?"

मला खोटं बोलता येत नाही. तो बोलला ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कठडा रिकामा होता. कावळे आले, बसले, एकमेकांकडे बघितलं आणि जी काव काव सुरू झाली, सगळी गल्ली जागी झाली. भात येत नाही म्हटल्यावर सरळ घरट्यावर गेले, आणि या वेळी करमणुकीसाठी नव्हे. तेव्हा ढुंढिराज आतून काळी छत्री घेऊन आला. फाट्‌कन उघडायची, फाट्‌कन मिटायची. कावळे बिथरले. उडाले, फिरून आले. पुन्हा छत्री. करकोच्यांना मात्र तिचं काही वाटेना. जणू खाली एक बगळा पंख झाडतोय.

यानंतर पितृपक्ष सुरू झाला. सगळ्या काशीत घरोघरच्या गच्च्यांवर लोक हात जोडून कावळ्यांना बोलावताहेत, आणि कावळ्यांचा म्हणून प्रसिद्ध असलेला गुरुजी उघड्या छत्रीने त्यांना हाकतोय, हा देखावा बघायला लोक दारांत उभे राहायला लागले. दूधवाला रोज खालून विचारायचा, "का गुरू, पुरखन के छाता देखावत हउवा?" पुरखे म्हणजे पूर्वज, छाता म्हणजे छत्री. गल्ली हसायची.

"अहो, लोक पितर समजून ज्यांना बोलावतात त्यांच्यावर तुम्ही छत्री उगारता!" शरदिनी म्हणाली.

"पितर असते तर एका पोराच्या तोंडचा घास काढला नसता."

"तुमच्या वडिलांनी काढला असता," शरदिनी म्हणाली आणि खाली निघून गेली.

ढुंढिराज एवढा हसला की छत्री हातातून पडली. एवढ्यात लंगड्याने डाव साधला.

यजमानांची सोय त्याने अशी लावली: श्राद्ध घरात, कावळ्याचं पान मात्र घाटाच्या बुरुजावर. पण कावळे बुरुजावर कुठले? ते याच्या गच्चीवर ठाण मांडून बसलेले. यजमान पान घेऊन उन्हात उभे. काहींनी तोंडावर सांगितलं, काही न सांगता दुसऱ्या गुरुजींकडे गेले.

मग अमरावतीचे रत्नाकर आले. बँकेत मोठे साहेब, बरोबर त्यांची वृद्ध आई. वडिलांचं श्राद्ध. घरी तीन वर्षं कावळा शिवला नव्हता, म्हणून मुद्दाम इथे. म्हातारीला घाटाच्या पायऱ्या उतरवेनात, तेव्हा पान गच्चीवरच आणावं लागलं. मी तिथेच होते, कारण त्या दिवशी मोठी दोन्ही पिल्लं सकाळीच उडून गेली होती आणि धाकटं घरट्यात एकटं होतं. दोन्ही पालक बाहेर. कावळे वरच्या फांदीवर ओळीने.

रत्नाकरांनी पान कठड्यावर ठेवलं आणि वाट बघायला लागले. ढुंढिराज छत्री धरून उभा.

"गुरुजी, साद घाला ना."

"घातली तर आत्ता येतील," ढुंढिराज म्हणाला. "पण थोडं थांबावं लागेल. त्या घरट्यातल्या पोराचं जेवण आता येईल. हे इथे उतरले की त्याचं जातं."

रत्नाकरांनी वर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गुरुजींकडे. "पाखरासाठी? अहो, आम्ही अमरावतीहून आलो, तुमच्याकडे कावळा येतो म्हणून!"

"येतो."

"तुम्ही गुरुजी आहात का प्राणिसंग्रहालयाचे रखवालदार?"

"आज मलाही नीट सांगता यायचं नाही," ढुंढिराज म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. "पाहिजे तर दर्भाचा कावळा करून देतो."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकेन असं मला कधी वाटलं नव्हतं. दारात शरदिनी उभी होती, ती काहीच बोलली नाही. यावरून ओळखा.

"दर्भाचा! तो आमच्या अमरावतीत नव्हता का?" रत्नाकरांचा आवाज चढला.

म्हातारी खुर्चीवर बसून पिंपळाकडे बघत होती. "रत्ना," ती म्हणाली, "ह्यांनी पोरांच्या आधी कधी ताट ओढलं होतं का रे? ऑफिसातून भुकेजलेले यायचे, तरी आधी विचारायचे, मुलं जेवली का. त्या लेकराचं होऊ दे. थांबतील ते."

रत्नाकर तिच्या खुर्चीशी जाऊन उभे राहिले. उन्हात पान वाळत होतं. आणि मग नदीकडून तो आला, पाय मागे ताणून, पंख न हलवता, सरळ आमच्या डोक्यांवरून. त्याची सावली म्हातारीच्या पांढऱ्या केसांवरून गेली. घरट्याच्या काठावर उतरला, मान वाकवली आणि ओतलं. कावळे उठले, तशी छत्री उठली. धाकट्याने आजवर स्वतःच्या एकट्यापुढे एवढं अन्न कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर ते थबकलंच. मग जे तुटून पडलं! त्याची बारीक मान फुगायची, घास खाली उतरताना दिसायचा, आणि ते पुन्हा वाकायचं. करकोचा तिथेच उभा राहिला, त्याचं होईपर्यंत. शेवटी त्याने पोराच्या अंगावर पाणी सोडलं. उन्हात ती धार चमकली, आणि म्हातारीने दोन्ही हात जोडले.

रत्नाकर तोंड उघडं टाकून बघत होते. पण त्यांची समजूत पटली असं मी म्हणणार नाही. ढुंढिराजाने दर्भाचा कावळा वळला. कधी केला नव्हता, तो चिमणीसारखा झाला. पानाला टेकवला. माणसं जेवली, दक्षिणा देऊन गेली. दुसऱ्या दिवशी रत्नाकर दुसऱ्या गुरुजींकडे जाऊन पुन्हा पान ठेवून आले, असं मागाहून कळलं. ब्रह्मा घाटावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. ढुंढिराजाकडे यंदा दर्भाचा कावळा, म्हणून लोक सांगत सुटले. सर्वपित्रीला, ज्या दिवशी त्याच्या जिन्यात उभं राहायला जागा नसायची, त्या दिवशी तीन यजमान आले. तिघांनाही त्याने बुरुजावर पाठवलं.

आता धाकट्याची गत ऐका. अंगाने ते भरलं. पिसं आली, करडी-पांढरी. पण उडेना. दिवसभर घरट्यात उभं राहून पंख झाडायचं, वाऱ्यावर हातभर वर उचललं जायचं, आणि घाबरून पुन्हा काटक्या पायांनी धरायचं. नवरात्र बसलं, इतर घरटी कधीच ओस पडली. आणि आईबापांचं येणं कमी झालं. एके दिवशी आलेच नाहीत.

"विसरले की काय?" ढुंढिराज म्हणाला.

"विसरत नाहीत. आता त्याने यायचं आहे."

"त्याला येत नाही हो! मी नावाड्याकडून घोंघे मागवतो. शिडी लावून वर ठेवतो."

"घोंघे? तू हात लावणार?"

"लावीन. मग करीन आंघोळ."

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "तू खायला घातलंस की ते तुझ्या गच्चीवरच राहील. तुझ्या कावळ्यांसारखं." कठोर बोलले, पण दुसरं काय सांगणार? तो रात्री जेवला नाही, असं शरदिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला होता. मी खिडकीत केस विंचरत होते. धाकटं पंख झाडत वर उचललं गेलं, वाऱ्याने त्याला घरट्यापासून बाजूला नेलं, खाली काटक्या नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते वेडंवाकडं कोलमडत ढुंढिराजाच्या गच्चीवर पडलं. मी तशीच अर्ध्या वेणीने धावले.

वर पोचले तेव्हा ढुंढिराज सोवळ्यात, भिंतीला पाठ लावून उभा होता. समोर, हाताच्या अंतरावर, ते. लांबून जे मूठभर वाटायचं ते त्याच्या मांडीपर्यंत येत होतं. धापा टाकत होतं. एक पंख जमिनीला लागला होता. कठड्यावर कावळे बसायला लागले होते. लंगडा होता, त्याच्यामागे आणखी. छत्री खाली राहिली होती.

"पंख मोडलाय का?" तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"माहीत नाही. हलू नकोस."

एक कावळा खाली उतरला, मागून उड्या मारत आला आणि त्याचं शेपूट ओढलं. ढुंढिराजाने उपरणं उचललं, पण ते फिरवायची वेळच आली नाही. धाकटं वळलं. आजवर ते नुसतं वळायचं. या वेळी त्याने मान मागे घेतली आणि अशी चोच हाणली की कावळा उलटापालटा होत दूर गेला. मग चोच वाजवली, खट्‌ खट्‌ खट्‌, सगळ्या गच्चीवर घुमली. कावळे उडाले. आम्ही दोघंही मागे सरकलो, खोटं कशाला सांगू.

ते चालायला लागलं. लांब पाय उचलून, एकेक दगड जोखत, ढुंढिराजाच्या अगदी जवळून गेलं. त्याच्या धोतराला पंख घासला. कठड्याशी गेलं, वर बघितलं, उडी मारली, घसरलं. पुन्हा मारली. या खेपेला पायांनी कड धरली. वर उभं राहिलं. पुढे घाटाच्या पायऱ्या, खाली गंगा, पूर ओसरून पलीकडची रेती नुकतीच उघडी पडत होती. त्याने पंख उघडले, आणि वाऱ्याने उचललं असं म्हणावं, की त्याने वाऱ्याला धरलं म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्यांदा ते खालीच गेलं. पायऱ्यांवरून, छत्र्यांवरून, नावांवरून खाली खाली, पाण्याला टेकतंय की काय इतकं. ढुंढिराजाने माझं मनगट एवढं आवळलं की माझी बांगडी फुटली. मग एकदा पंख मारले, दोनदा मारले, पाण्यावर त्याचं प्रतिबिंब त्याच्यापासून सुटं झालं आणि ते वर उठलं. मधल्या धारेवरून गेलं. ठिपका झालं. पलीकडे रेतीवर, पाणी साचलं होतं तिथे, बरेच करकोचे उतरले होते. ठिपका त्यांच्यात गेला.

ढुंढिराजाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

"त्यातलं आपलं कोणतं?" त्याने विचारलं.

मी दुर्बीण लावली. पाण्यात पाय घालून सगळे चरत होते. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट बघितलं, मग उलट्या बाजूने बघितलं.

"ओळखू येत नाही," मी म्हटलं.

"बारकं बघा ना एखादं."

"नाही रे. एकही बारकं दिसत नाही."

त्याने माझ्या हातातून दुर्बीण ओढून घेतली. बघत राहिला, बघत राहिला, आणि मग जिन्याकडे तोंड करून त्याच्या त्या भसाड्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "शरदिनी! अगं वर ये! आपलं ओळखूच येत नाही!"